भाद्रपदातला मध

संपादकांनी फोनवर सांगितलं, "दुकानातल्या गमतीजमती लिहा. दिवाळीत लोकांना हलकंफुलकं आवडतं." मी हो म्हटलं. तीनदा लिहायला बसलो आणि तिन्ही वेळा गमती पान-दीड पानात संपल्या. उरलं ते हलकं नव्हतं. तेच पाठवतो आहे. छापायचं की नाही ते त्यांनी ठरवावं.

चंद्रपुरात मूल गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं दुकान होतं. दुकान अजून आहे, मी त्यात नाही. जंगलातून माल गोळा करणाऱ्या गावोगावच्या बचत गटांचा एक संघ होता, त्या संघाचं हे विक्रीचं दुकान. मोहफुलाचे लाडू, मोहाचं सरबत, चारोळी, जंगलचा मध, डिंक, आवळ्याची सुपारी, लाखोळीची डाळ, हातसडीचा तांदूळ असा माल. सुरुवातीला तो गोणपाटाच्या थैल्यांत असायचा. पुढे काचेच्या बरण्या आल्या, बरण्यांना सुतळीची गाठ आली आणि दुकानात एसी लागला. मी बल्लारपूरहून रोज गाडीवर यायचो, कुलूप उघडायचो, उदबत्ती लावायचो आणि मग गिऱ्हाइकाची वाट पाहायचो.

वाघ पाहायला जाणाऱ्या गाड्या दुकानासमोरूनच जात. जाताना कोणी थांबत नसे, परतताना थांबत. माणसं आत आली की चेहऱ्यावरून कळायचं, वाघ दिसला की नाही. दिसला असेल तर दोन पिशव्या भरून माल जायचा. नसेल दिसला तर चारोळीचं एक पाकीट हातात घेऊन, "किती महाग," असं म्हणून ते परत ठेवलं जायचं. चारोळीचं फळ वेचायचं, भिजवून साल काढायची, आतली टणक बी वाळवून फोडायची, तेव्हा कुठे तो इवलासा दाणा मिळतो. हे मी प्रत्येकाला सांगायचो. ऐकून घेणारे थोडे.

मधाची गिऱ्हाइकं वेगळीच. एक गृहस्थ खिशात काडेपेटी घेऊनच यायचे. काडी मधात बुडवायची आणि ओढायची. पेटली तर मध शुद्ध, असा त्यांचा कायदा. एकदा काडी पेटली आणि टेबलावरचं कापडही पेटलं. दुसरे एक निवृत्त इंजिनिअर दर वर्षी मागच्या वर्षीची रिकामी बाटली घेऊन यायचे, तिच्यात तळाशी मुद्दाम ठेवलेला बोटभर मध उजेडात धरायचे आणि नव्या बाटलीशी रंग जुळवायचे. रंग कधीच जुळला नाही. मी त्यांना म्हणायचो, "साहेब, ह्या वर्षी करंज जास्त फुलला, त्या वर्षी मोह. माशी जे खाईल ते बाटलीत येते." ते म्हणायचे, "म्हणजे क्वालिटी कंट्रोल नाही." आणि तरी घेऊन जायचे.

मध आमच्याकडे भामरागडपलीकडच्या गावांतून यायचा. आग्या मोहोळाचा. ही मोठी माशी, उंच झाडांच्या फांद्यांना उघडं पोळं लावते. ते काढायचे दिवस ठरलेले. उन्हाळ्यात एकदा, आणि पाऊस संपून ऊन पडलं की दुसऱ्यांदा. मधल्या पावसाळ्यात कोणी हात लावत नाही. एक तर झाडं निसरडी होतात. दुसरं, पावसात माशीला मध आटवता येत नाही, तो पातळ राहतो. त्याला आम्ही ओला मध म्हणतो. ओला मध बाटलीत भरला की आंबतो. आमच्याकडे मधातलं पाणी मोजायचं दुर्बिणीसारखं एक छोटं यंत्र होतं. पण मला ते फारसं लागत नसे. चमच्यावरून धार कशी पडते ते पाहून सांगता यायचं.

हे मला शिकवलं दसरूमामाने. दसरूमामा नदीपल्याडच्या एका माडिया आदिवासी गावातला. मी पहिल्यांदा त्याच्या गावी गेलो तेव्हा तो पन्नाशीत असेल. बोलणं कमी. मराठी बेताचं, पण जे बोलायचा ते पक्कं. पोळ्याचा मधाचा भाग तेवढा कापायचा आणि पिल्लांचा भाग माशीला ठेवायचा, ही त्याची रीत. मी विचारलं, "मामा, सगळंच काढलं तर?" तो म्हणाला, "मग पुढच्या साली कोणाच्या घरी जाशील?"

पुढे त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला. झाडावर चढणं बंद झालं. तो अंगणात बसून इतरांना सांगायचा, कुठल्या फांदीवर पाय दे, धूर कुठून कर. वनिता म्हणून भामरागडची एक बाई संघाचं त्या भागातलं काम पाहायची, तिने मला हे सांगितलं. मी त्याला चंद्रपूरला आणवलं, ऑपरेशन करवलं आणि आठ दिवस बल्लारपूरला माझ्या घरी ठेवलं. माझी बायको मंदा त्याच्या डोळ्यांत वेळेवर औषध टाकायची. तो तिला "बाई" म्हणायचा आणि तिने केलेलं वरण नको म्हणत दोनदा घ्यायचा.

पट्टी काढली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो अंगणात उभा होता. शेवगा फुललेला होता. मला म्हणाला, "ते पाह्य. माशी." मला काही दिसेना. तो म्हणाला, "फूल घेतलं तिनं. आता तिकडे गेली. त्या टाकीकडे." आम्ही दोघं चालत गेलो. रेल्वेच्या वसाहतीतल्या पाण्याच्या टाकीखाली खरंच पोळं लटकलेलं होतं. तो त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "आता चढता येते मले."

मला फार आनंद झाला होता. घरी येऊन मी मंदाला दोनदा सांगितलं.

त्यानंतर दोन वर्षांनी संघाचे सचिव दुकानात आले. आल्या आल्या पंखा मोठा करायला सांगितला आणि म्हणाले, "दिवाळीपर्यंत पाहू. नाही चाललं तर बंद करू. गावातून माल थेट व्यापाऱ्याला देऊ." दुकानात माझ्यासह तिघं कामाला होतो. पण मला स्वतःच्या नोकरीपेक्षा दुसरंच काही डाचत होतं. इतकी वर्षं मी गावोगाव सांगत फिरलो होतो की व्यापाऱ्याला देऊ नका, दुकान तुमचं आहे.

आणि तेव्हाच नागपूरहून एका कंपनीचा माणूस आला. त्यांना दिवाळीच्या भेटीचे खोके हवे होते. लाडू, चारोळी आणि जंगलचा मध, वर बांबूची टोपली. हे खोके गेले असते तर दुकान वाचलं असतं. लाडू आणि चारोळी होती. मध दोन डबे कमी पडत होता. भाद्रपद लागला होता, गणपती बसायचे होते. तो म्हणाला, "दसऱ्याआधी माल हवा. जमेल ना?"

मी म्हटलं, "जमेल."

त्या एका शब्दाचं मी पुढे पुष्कळदा स्पष्टीकरण दिलं, स्वतःला. त्यात अर्थ नाही. पाऊस चालू आहे, पोळं कच्चं आहे, हे मला त्या माणसापेक्षा दहापट माहीत होतं.

मी वनिताला फोन लावला. ती म्हणाली, "भाऊ, आता कोण चढन? पाणी थांबूनच नाई राह्यलं."

"विचारून तर पाह."

"विचारलं दोघातिघाले मागंच. नाई म्हणते. दिवाळीनंतर देऊ म्हणते."

मी मग म्हटलं, "दसरूमामाले विचार. माझं नाव सांग. म्हणावं, भाऊ अडचणीत आहे."

ती मग म्हणाली, "तुमचं नाव सांगतलं तर तो नाई म्हणणार नाई, भाऊ."

"म्हणूनच तर सांगतो आहे," मी म्हटलं.

त्यानंतर पावसाने धरलं. नदी पुलावरून वाहू लागली, भामरागडचा रस्ता बंद झाला, टॉवर बंद पडला. दर वर्षी होतं तसंच. मी रोज फोन लावायचो, लागत नसे. नागपूरचा माणूस मला रोज फोन करायचा, त्याचा मात्र लागायचा. आठव्या का नवव्या दिवशी जेवताना मी मंदाला म्हटलं, "ह्या लोकांना वेळेची किंमतच नाही." ती ताटावरून उठली आणि पाणी आणायला गेली. दसरूमामा तोपर्यंत गेलेला होता. मला माहीत नव्हतं, एवढंच.

रस्ता उघडला त्याच्या दुसऱ्या दिवशी वनिता स्वतः बसने चंद्रपूरला आली. दुपारची वेळ होती. दुकानात एक जोडपं सरबत चाखत होतं. वनिताच्या हातात पत्र्याचा एक डबा होता, तोंडाला फडकं बांधलेलं. तिने तो टेबलावर ठेवला. मी विचारलं, "एकच? तोही अर्धा?"

ती म्हणाली, "भाऊ, आधी ह्या गिऱ्हाइकायले जाऊ द्या."

जोडपं गेलं. मग ती बाकावर बसली आणि तिने सांगितलं. पावसात मोहोळं उठून गेली होती, नाल्याकाठच्या बेहड्यावर एकच उरलं होतं. दसरूमामा चढला. पोळं कापलं, टोपलं दोराने खाली सोडलं. त्याचा पुतण्या खाली उभा होता, त्याने ते धरलं. उतरताना मामाचा पाय शेवाळावर गेला. कमरेत आणि पाठीत लागलं. शुद्ध होती. गावच्या लोकांनी खाटेवर घातलं आणि नदीपर्यंत आणलं, पण नदीत डोंगा, म्हणजे लाकडाची होडी, घालता येईना. पल्याड दिसत होतं, जाता येत नव्हतं. खाट तशीच काठावर ठेवली, वर ताडपत्री धरली. दीड दिवस धरली.

"मग?" मी विचारलं. विचारायची गरज नव्हती.

"मग काय, भाऊ. तिथंच."

डबा माझ्याकडे सरकवत ती म्हणाली, "जैनीबाईनं डबा देला. म्हणे, त्याचं काम त्यानं केलं, तुम्ही पोचवून द्या."

जैनीबाई म्हणजे त्याची बायको. मी फडकं सोडलं. आंबूस वास आला. चमचा बुडवून उचलला तर धार पाण्यासारखी पडली. कडेला बुडबुडे होते. यंत्र मी काढलंच नाही.

मी नागपूरला फोन करून सांगितलं की मध देता येणार नाही. मला वाटलं, तो माणूस चिडेल, सगळीच ऑर्डर रद्द करेल. तो म्हणाला, "काही हरकत नाही, मध आम्ही दुसरीकडून उचलतो. दोन दिवसांत मिळतो. बाकीचं पाठवा." लाडू गेले, चारोळी गेली, टोपल्या गेल्या. दुकान वाचलं. त्या दोन डब्यांवाचून कोणाचं काही अडलं नव्हतं. पहिल्याच दिवशी मी "मध नाही" म्हटलं असतं तरी तो हेच म्हणाला असता.

मी त्याच्या गावी जायला हवं होतं. गेलो नाही. आधी दिवाळीची गर्दी होती, मग हिशेबतपासणी, मग मंदाची तब्येत. कारणं खोटी नव्हती. पण त्याच महिन्यात मी एटापल्लीला डिंकासाठी जाऊन आलो. तिथून पुढे जाता आलं असतं.

पुढच्या उन्हाळ्यात संघाने गटातल्या बायांना दुकान दाखवायला आणायचं ठरवलं. आपला माल कुठे जातो ते त्यांनी पाहावं म्हणून. जीप आली, वनितासोबत बारा-तेरा बाया उतरल्या. शेवटी जैनीबाई उतरली. मी तिला एकदाच पाहिलं होतं, तरी ओळखलं.

बाया आधी दारातच थबकल्या. एसीच्या गार हवेला हात लावून पाहावा तशा हात पुढे करत आत आल्या. मग हळूहळू धीट झाल्या. एकीने काचेच्या बरणीतली मोहफुलं पाहिली, बरणीला बांधलेली सुतळी पाहिली आणि दुसरीला काहीतरी म्हणाली, दोघी तोंडाला पदर लावून हसल्या. वनिताने सांगितलं, "म्हणते, आमच्या घरी ढोरं खाते, इथी दागिन्यावाणी ठेवलं." मी सगळ्यांना लाडू दिले. त्यांनी ते चाखून पाहिले आणि चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. एकीने उरलेला अर्धा पदराच्या टोकाला बांधला.

जैनीबाई मधाच्या फळीसमोर उभी होती. बाटल्यांना हात लावत नव्हती. मी जवळ गेलो. तिने जोहार केला. मग मराठीत, एकेक शब्द जुळवत विचारलं, "यातला त्याचा कोणता?"

तो डबा मागच्या खोलीत टेबलाखाली होता. मी विकला नव्हता, फेकलाही नव्हता. झाकण फुगून वर आलं होतं.

मी म्हटलं, "इथं नाही, बाई. तो विकला गेला. दूर गेला. दिवाळीत मोठ्या शहरात, लोकांच्या घरी गेला."

तिने मान हलवली. मग म्हणाली, "तुमाले अडचण होती म्हणे. तो म्हणे, डोळे देले त्या भाऊले अडचण हाय. दूर झाली?"

दुकान वाचलं होतं, म्हणजे अर्धं खरं होतं. त्या अर्ध्यावर पाय देऊन मी म्हटलं, "हो. झाली."

तिने वळून बाकीच्या बायांना माडियात काहीतरी सांगितलं. त्या सगळ्या माझ्याकडे पाहू लागल्या. कोणाच्या नजरेत राग नव्हता. एकीने मान डोलावली. वनिता तेवढी काऊंटरकडे तोंड करून पिशव्या मोजत राहिली. जाताना जैनीबाईने पळसाच्या पानात बांधलेली टेंभरं, तेंदूची पिकली फळं, माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "बाईले द्या. डोळ्यात औषध टाकत होती तिले."

टेंभरं मंदाने खाल्ली. मी नाही खाल्ली.

दुसऱ्या दिवशी मी तो डबा दुकानामागे कडुनिंबाखाली रिकामा केला. मुंग्या आल्या. दोन दिवस ओळ लागून होती, मग पाऊस पडला.

त्यानंतर मी चार वर्षं दुकान चालवलं. "जमेल" हा शब्द सोडून दिला. मोसमाबाहेर काही मागितलं तर सरळ नाही म्हणायचो. सचिव म्हणायचे, तुम्ही गिऱ्हाईक तोडता. गिऱ्हाईक तुटलं नाही. ते इंजिनिअर साहेब बाटली घेऊन येत राहिले. कोणी विचारायचं, "हा मध कोण काढतं?" तर पूर्वी मी पंधरा मिनिटं सांगायचो. आता म्हणायचो, "गावातले लोक." निरोपाच्या कार्यक्रमात माझ्याबद्दल चांगलं बोललं गेलं. एकाने तर सांगितलं की मी एका आदिवासी बांधवाला दृष्टी दिली. टाळ्या वाजल्या. मंदा पहिल्या रांगेत होती. तिने टाळी वाजवली नाही, हे मी पाहिलं.

मी निवृत्त झाल्यावर वनिता एकदा घरी आली. बोलता बोलता म्हणाली, "जैनीबाई सगळ्याले सांगते, भाऊ. दसरूचा मध मोठ्या शहरात गेला म्हणते. पोरासोरांले भी सांगते." सांगून ती माझ्याकडे पाहत राहिली. तिला डब्याचं माहीत होतं. इतकी वर्षं आम्ही दोघंही त्यावर बोललो नव्हतो.

मी विचारलं, "तू येशील का माझ्यासंगं तिच्याकडे?"

ती म्हणाली, "काऊन नाई? मीच तर निरोप नेला होता."

गेल्या पौषात आम्ही गेलो. आलापल्लीपर्यंत बस, पुढे भामरागड, मग डोंगा. नदी इतकी खाली गेली होती की मधल्या वाळूत पोरं खेळत होती. गावाबाहेर दसरूमामाच्या नावाचा दगड उभा केलेला आहे, माणसाच्या छातीएवढा. वनिताने दाखवला. मी चप्पल काढून थोडा वेळ उभा राहिलो.

जैनीबाईच्या अंगणात आम्ही बसलो. तिने पाणी दिलं. मी सांगितलं, वनिता माडियात सांगत गेली. मध विकला गेला नाही. ओला होता. मी झाडाखाली ओतला. तो मागायचीच गरज नव्हती, ज्याला हवा होता त्याला दोन दिवसांत दुसरीकडे मिळाला. दुकानात तुला मी खोटं सांगितलं.

जैनीबाई सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. हात थांबले नाहीत. सगळं ऐकून झाल्यावर ती वनिताला दोन वाक्यं बोलली.

वनिता म्हणाली, "म्हणते, हे मले एकटीले काऊन सांगता? मी गावाले सांगतलं होतं. आता तुम्ही गावाले सांगा."

संध्याकाळी गोटुलात, म्हणजे गाव जिथे बसतं त्या मांडवात, माणसं जमली. म्हातारे पुढे, बाया एका बाजूला. मी उभा राहून पहिल्यापासून सांगितलं. आयुष्यभर काऊंटरमागून बोललेला माणूस, पण हात कुठे ठेवावेत ते कळेना. वनिता सांगत होती. "माझं नाव सांग म्हटलं होतं," या वाक्यावर तिचा आवाज गेला. तिने पाणी मागितलं, प्याली आणि ते वाक्य पुन्हा सांगितलं.

माझं संपलं. एका म्हाताऱ्याने विचारलं, आणि वनिताने ते मला मराठीत सांगितलं, "पावसात पोळं कच्चं असते, झाड निसरडं असते, हे तुमाले माहीत होतं का?"

मी म्हटलं, "माहीत होतं. दसरूमामानंच शिकवलं होतं."

वनिताने ते सांगितलं. शिव्या नाहीत, समजूत नाही. दसरूमामाचा पुतण्या उठून बाहेर गेला. थोड्या वेळाने माणसं एकेक करून उठली. आम्हाला जेवायला वाढलं, भात आणि टमाट्याची चटणी. झोपायला खाट दिली. पाहुण्याचं जे करायचं ते सगळं केलं.

सकाळी निघालो. वाटेवरच्या घरांतली माणसं जोहार करत होती. मी जैनीबाईच्या अंगणाशी थांबलो. सूप भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं, दार ओढलेलं होतं. मी हाक मारली नाही.

वनिता म्हणाली, "शेतात गेली असन, भाऊ. चला, डोंगा उभा हाय."

धान कापून दोन महिने झाले होते. शेतात कोणाचं काही काम नव्हतं.